सुई कुठे लावतात, ते आधी पाहा

“सुई लावली की कॅन्सर पसरतो.” बायोप्सीचं नाव निघालं की घरातलं कुणीतरी हे म्हणतंच. स्तनातल्या गाठीची तपासणी या एका वाक्यापायी लांबते, तेव्हा संताप येतो. तिथे सुईचा धोका नगण्य असतो, उशिराचा मोठा.

लहान मुलांच्या डोळ्याच्या कॅन्सरबद्दल, म्हणजे रेटिनोब्लास्टोमाबद्दल, मात्र या भीतीत तथ्य आहे. ही गाठ डोळ्याच्या आत, दृष्टिपटलावर वाढते. तिच्यात सुई घातली तर बंदिस्त पेशी बाहेर पडू शकतात. म्हणून डॉक्टर तिची बायोप्सी करतच नाहीत. भूल देऊन केलेली डोळ्याची तपासणी, सोनोग्राफी आणि एमआरआय यांवरून निदान होतं. याचा एक क्रूर परिणाम असा, की गाठीतली जनुकं तपासायची तर डोळा काढावा लागे. जो डोळा वाचवायचा, त्याच्याच गाठीबद्दल काही कळत नसे.

या कोंडीतून वाट निघाली ती डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातल्या पाण्यामुळे. पारदर्शक पडद्याच्या कडेतून बारीक सुई घालून साधारण ०.१ मिलिलिटर, म्हणजे दोनेक थेंब पाणी काढतात. सुई गाठीपर्यंत जातच नाही. भिंगाच्या मागे असलेल्या पोकळीतही शिरत नाही. तरीही “शेवटी सुईच ना?” हा प्रश्न येतो. हो, सुईच, पण गाठीत नाही! लोझानच्या फ्रान्सिस मुनिये यांनी २०१२ मध्ये डोळ्यात केमोथेरपीचं इंजेक्शन देण्याची सुरक्षित पद्धत मांडली, तिच्यातच हे पाणी आधी काढून घेणं होतं. डोळ्यातला दाब उतरावा आणि सुईच्या वाटेने पेशी उलट बाहेर येऊ नयेत, यासाठी. थोडक्यात, पाणी काढायचं ते प्रसार टाळण्यासाठी.

मरणाऱ्या कर्कपेशींचे डीएनए-तुकडे या पाण्यात उतरतात. रक्तात ते फार तुरळक सापडतात. लॉस एंजेलिसच्या मुलांच्या रुग्णालयातल्या जेसी बेरी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी’त दाखवलं, की पाण्यातल्या डीएनएमधले बदल प्रत्यक्ष गाठीतल्या बदलांशी जुळतात. पुढच्याच वर्षी त्यांना आढळलं, की सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भागाच्या जादा प्रती पाण्यात असल्या, तर उपचारांनी डोळा वाचण्याची शक्यता कमी असते.

म्हणून आता रक्त तपासायला नको, असंही काहींना वाटतं. चूक. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये मांडल्याप्रमाणे या कॅन्सरला दोन आघात लागतात, आणि ते बहुतेकदा आरबी-१ जनुकाच्या दोन प्रतींवर होतात. पाण्यात गाठीतले दोन्ही दिसू शकतात, पण पहिला आघात बाळ जन्मतःच घेऊन आलं का, हे रक्तावरून ठरवतात. सुमारे ४० टक्के मुलांत तो जन्मजात असतो.

बाकीचे गैरसमज लहान आहेत, पण चिवट. हे पाणी म्हणजे अश्रू नव्हेत. गरोदरपणी पाहिलेल्या ग्रहणाचा या आजाराशी काडीचाही संबंध नाही. कृपा करून आईला दोष देऊ नका. “आमच्या घराण्यात कुणाला नव्हता” म्हणून आनुवंशिक नाही, हेही खरं नाही. जन्मजात दोष असलेल्या बहुतेक मुलांत तो नव्यानेच उद्भवलेला असतो. डोळा काढला की विषय संपला, असंही नाही. जन्मजात दोष असेल तर पुढे हाडांच्या कॅन्सरसारखे धोके उरतात आणि मुलाला वर्षानुवर्षं तपासणीखाली ठेवावं लागतं. आईवडिलांपैकी कुणात तो दोष सापडला, तर पुढच्या प्रत्येक बाळात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. अशा बाळाचे डोळे जन्मल्यापासूनच तपासायचे असतात.