हसायला लगेच, बोर्ड लावायला उद्या!



मागच्या व्हिडिओत मी सहज बोलून गेलो की माझ्या एका गमतीच्या शॉर्टमुळे एका दुकानदाराचे तीन बस्ते गेले. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, नेमकं काय झालं होतं?" व्हिडिओत ते दोन वाक्यांत उरकलं होतं. खरं सांगायचं तर मुद्दामच उरकलं होतं, कारण सांगायला लाज वाटत होती. इथे सगळं लिहितो.

बावीस रुपयांचा विनोद

मार्च २०२३ चा शेवटचा आठवडा. सकाळी दुकानाचं शटर वर करायच्या आतच आमच्या व्यापारी मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर धुरळा उडाला होता. बातमी अशी: १ एप्रिलपासून २००० रुपयांच्या वरच्या यूपीआय पेमेंटवर १.१ टक्का चार्ज.

आता आपला ग्रुप म्हणजे तुम्हाला माहितीये. बातमी पूर्ण वाचणारे दोन, त्यावर बोलणारे दोनशे.

किराणावाले भाऊ म्हणाले, "आजपर्यंत सुट्टे नाहीत म्हणून चॉकलेट दिलं, आता चार्ज म्हणून गिऱ्हाइकाकडून चॉकलेट परत घेणार." हार्डवेअरवाल्या शेटनी जाहीर केलं, "माझं प्रत्येक बिल १९९९ चं निघणार. पंधरा हजाराचा माल असेल तर आठ बिलं फाडीन." एकाने तर तारखेवरच बोट ठेवलं, "१ एप्रिल आहे राव, एप्रिल फूल असणार."

मी कसला मागे राहतोय! आपलं स्टेशनरीचं दुकान, वर चॅनेल. काउंटरवरचा क्यूआर हातात घेतला, मोबाईल स्टँडला लावला आणि चाळीस सेकंदांचा शॉर्ट ठोकला. "दोन हजाराची साडी घेतली की बावीस रुपये गेले. म्हणजे साडी वहिनींची, फॉल-पिकोचे पैसे यूपीआयचे! मित्रांनो, रोख घ्या, सुखी राहा!"

(यातही एक चूक होती. नियम २००० च्या वरच्या रकमेचा होता, बरोबर दोन हजाराला तो लागतच नव्हता. पण विनोदाला कोण पावती मागतं?)

तोपर्यंत माझ्या चॅनेलवर जीएसटी रिटर्नच्या व्हिडिओला जेमतेम माणसं यायची. हा शॉर्ट मात्र सुटला तो सुटलाच. दुपारपर्यंत माझाच व्हिडिओ मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून परत आला.

त्याच दिवशी, म्हणजे २९ मार्चला, एनपीसीआयचा खुलासा आला की बँक खात्यातून बँक खात्यात होणारं यूपीआय पेमेंट फुकटच राहणार, गिऱ्हाइकालाही आणि व्यापाऱ्यालाही. मी तो वाचला. शॉर्ट काढून टाकावा असं मनात आलं. मग आकडा बघितला. व्ह्यूज चालू होते. म्हटलं, गंमतच आहे, लोकांना कळतं की.

"मी लिहून घेत होतो"

एप्रिल संपता संपता एक फोन आला. लातूर जिल्ह्यातले एक दादा, तालुक्याच्या गावी कापडाचं दुकान. आधी माझी चौकशी, मग चॅनेलचं कौतुक. मग म्हणाले, "सर, ते चार्जचं पुढं काय झालं? आमच्या शेजारचा तर बिनधास्त घेतोय ऑनलाइन."

मी विचारलं, "तुम्ही नाही घेत?"

"तुम्हीच म्हणाला होता ना, रोख घ्या. मी बोर्ड लावला. २००० च्या वर फोनवरून पैसे घेतले जाणार नाहीत."

मला काही सुचेना. लग्नसराईचे दिवस. बस्ता बांधायला घरची दहा-बारा माणसं येतात. दोन-तीन तास साड्या उलगडायच्या, चहा पाजायचा, मानपानाचं वेगळं काढायचं, नवरीची वेगळी. साठ-सत्तर हजाराचं बिल होतं आणि शेवटी नवरीचा भाऊ मोबाईल काढतो. एवढी रोकड आता कोण कमरेला बांधून फिरतं? दादांच्या दुकानातून असे तीन बस्ते उठून गेले. एक तर अगदी बिल झाल्यावर.

मी म्हटलं, "अहो दादा, तो गमतीचा व्हिडिओ होता. मी हसत होतो."

ते शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही हसत होता. मी लिहून घेत होतो."

शिवी दिली असती तरी एवढं लागलं नसतं. हा माणूस माझा प्रत्येक व्हिडिओ वही घेऊन बघायचा. जीएसटीचा जसा बघायचा, तसाच तोही बघितला. माझ्या चेहऱ्यावरचं हसू त्याने बघितलंच नाही, कारण तो वहीत बघत होता.

त्या रात्री शॉर्ट काढला आणि दुसऱ्या दिवशी माफीचा व्हिडिओ टाकला. त्याला गमतीच्या व्हिडिओच्या दहाव्या हिश्शाचेही व्ह्यूज आले नाहीत. बीबीएला असताना आम्हाला 'वर्ड ऑफ माउथ' शिकवलं होतं, म्हणजे एका तोंडाची गोष्ट दहा कानांत जाते. चुकीची दुरुस्ती मात्र त्या दहा कानांत जात नाही, हे कुठल्याच सेमिस्टरला नव्हतं.

मग बातमी खोटी होती का?

नाही. हीच तर मेख आहे. परिपत्रक खरं होतं, १.१ टक्का खरा होता, १ एप्रिल खरी होती. गाळली गेली होती ती अट.

तो चार्ज होता वॉलेट किंवा प्रीपेड कार्डसारख्या साधनातून, म्हणजे आधी पैसे भरून ठेवलेल्या पाकिटातून, व्यापाऱ्याला केलेल्या २००० च्या वरच्या यूपीआय पेमेंटवर. त्यातही १.१ टक्का हा सर्वांत वरचा दर, पेट्रोल पंपासारख्या काही धंद्यांना दर कमी. आणि ही देवाणघेवाण बँका आणि वॉलेट कंपन्या यांच्यातली, गिऱ्हाइकाच्या खिशातून जाणारी नाही. एनपीसीआयने तेव्हाच सांगितलं होतं की ९९.९ टक्के यूपीआय व्यवहार थेट बँक खात्यातूनच होतात.

म्हणजे दादांच्या गिऱ्हाइकांचा या चार्जशी काडीचा संबंध नव्हता. नवरीच्या भावाचे पैसे सरळ बँक खात्यातून येणार होते. विनोदात अट बसत नाही. "साडी वहिनींची, फॉल-पिकोचे पैसे यूपीआयचे, पण फक्त वॉलेटमधून दिले तर आणि तेही बँकांच्या आपसांत" असं म्हटलं असतं तर कोण हसलं असतं?

दोन हजार या आकड्याला काय झालंय?

मागे वळून बघितलं की गंमत वाटते. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटबंदी झाली आणि २००० ची नोट आली. तिच्याबरोबर नॅनो चिपही आली, फक्त व्हॉट्सअॅपवर. जमिनीत पुरली तरी उपग्रहाला सिग्नल देणार म्हणे! रिझर्व्ह बँकेने अशी चिप नाही म्हणून सांगितलं, तरी आमच्या ओळखीतले एक काका नोट उन्हात धरून चिप शोधत होते. आधी त्यांनीच चिपवर विनोद पाठवला होता.

१९ मे २०२३ ला तीच नोट परत घ्यायची घोषणा झाली. लगेच पेट्रोल पंपावर शंभरचं पेट्रोल आणि हातात दोन हजाराची नोट. यावर विनोद झाले आणि ते रास्त होते, कारण आपण सगळेच तेव्हा काउंटरवर सुट्ट्यांसाठी रडत होतो.

एप्रिल २०२५ ला पुन्हा तेच: २००० च्या वरच्या यूपीआयवर जीएसटी लागणार. १८ एप्रिलला अर्थ मंत्रालयाने ही बातमी निराधार असल्याचं सांगितलं. पुढे जूनमध्ये आकडा बदलून ३००० झाला, जीएसटीऐवजी व्यापाऱ्यावरचा चार्ज झाला, ११ जूनला मंत्रालयाने तेही फेटाळलं.

विनोद वाईट नाही हो!

आता कोणी म्हणेल, सर, मग ग्रुपवर हसायचंच नाही का? हसायचं! मी तर म्हणतो विनोदात आपली भीती बरोबर दिसते. किराणावाल्याला १.१ टक्का ऐकून पोटात गोळा का आला? कारण कित्येक वस्तूंवर त्याला सुटतातच दोन-तीन टक्के. बिचारा रडू शकत नाही म्हणून चॉकलेटवर बोलतो. दुकानदार कशाला घाबरतो हे मला कुठल्याही सर्व्हेपेक्षा ग्रुपवरच्या विनोदातून लवकर कळतं.

आणि कधी कधी विनोदात अस्सल शिकवण असते. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात विंडोजचे सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळी स्क्रीन दाखवून बसले. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या दिवशी शुक्रवार होता आणि जगभरातले सॉफ्टवेअरवाले एकच विनोद करत होते: शुक्रवारी अपडेट टाकायचं नसतं, कारण बिघडलं तर शनिवार-रविवार गेला.

हा विनोद मी सोन्याच्या फ्रेममध्ये लावीन. आपल्या भाषेत सांगायचं तर बाजाराच्या आदल्या दिवशी बिलिंग सॉफ्टवेअर अपडेट करू नका. दिवाळीच्या आठवड्यात तर हातच लावू नका. आणि छापील बिलबुक ड्रॉवरमध्ये ठेवाच. जगातल्या विमान कंपन्या पेनाने लिहितात, आपल्याला कसली लाज?

पण त्याच दिवशी बेल्जियममधल्या एका विनोदी लेखकाने आपला फोटो जोडतोड करून टाकला: क्राउडस्ट्राइकमध्ये आज पहिला दिवस, छोटंसं अपडेट सोडलं, आता दुपारची सुट्टी! कितीतरी लोकांनी ते खरं मानलं. विनोद जिथून निघाला तिथे त्याच्या कपाळावर 'विनोद' लिहिलेलं असतं. चौथ्या फॉरवर्डला ते पुसलं जातं.

तीन प्रश्न

दादांच्या फोननंतर मी स्वतःसाठी एक सवय लावली, आता बॅचमध्येही शिकवतो. पैशाची किंवा टेक्नॉलॉजीची कुठलीही बातमी आली की तीन प्रश्न:

१. कोण देणार? गिऱ्हाईक, मी, की बँका आपसांत?

२. कशावर? बँक खातं, वॉलेट की क्रेडिट कार्ड? रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून दिलेल्या पेमेंटचा हिशोब वेगळा असतो, तो आपल्या क्यूआरवाल्या कंपनीला विचारून ठेवा.

३. कधीपासून, आणि कुणी सांगितलं? तारीख आणि परिपत्रक आहे, की "सूत्रांकडून समजते"?

तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत हसा, फॉरवर्ड करा, काय वाट्टेल ते करा. पण दुकानाच्या दारावर बोर्ड लावू नका. बोर्ड उद्या. चोवीस तासांत खुलासा येतो, नाही आला तर आपल्या सीएला एक फोन लागतोच.

बातमी खरी, तरी बोर्ड चुकीचा

जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूत छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा आल्या, यूपीआयवरची उलाढाल बघून. ही अफवा नव्हती. लगेच दुकानांवर बोर्ड लागले: यूपीआय नाही, फक्त रोख. आपल्या ग्रुपवरही विनोद फिरला, "क्यूआर फाडला की जीएसटी मेला."

नाही मरत! जीएसटी नोंदणीची मर्यादा उलाढालीवर आहे, मालासाठी ४० लाख आणि सेवेसाठी २० लाख. उलाढालीत रोखही धरतात. क्यूआर फाडून गिऱ्हाईक जातं, कायदा जात नाही. पुढे तिथल्या सरकारने जुनी थकबाकी वसूल करणार नाही असं सांगितलं, पण नोंदणी करावीच लागेल हेही सांगितलं. इथे घाबरून बोर्ड लावण्यापेक्षा वर्षाची बेरीज करून सीएकडे जाणं स्वस्त पडलं असतं.

शेवटचं

एप्रिल २०२५ ला ती जीएसटीची अफवा आली तेव्हा मी जरा घाबरतच ग्रुप उघडला. म्हटलं, आता पुन्हा कोणीतरी बोर्ड लावणार. आधीच दादांचा मेसेज येऊन पडला होता:

"कोण देणार, कशावर, कधीपासून? एकाचंही धड उत्तर नाही. माझा क्यूआर चालू आहे. ज्यांनी बंद केला त्यांनी बस्तेवाले माझ्याकडे पाठवावेत."

खाली हसण्याच्या इमोजींची रांग. मी त्या दिवशी कुठलाच शॉर्ट टाकला नाही. दादांचा मेसेजच पुढे पाठवला.

तुमच्या दुकानात अफवेमुळे कधी बोर्ड लागला होता का? प्रामाणिकपणे कमेंटमध्ये लिहा, कोणी हसणार नाही. हसलंच तर सगळ्यात आधी मला हसा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत गल्ला भरलेला राहू द्या आणि बिलबुक ड्रॉवरमध्ये!