व्हांतूची प्रदक्षिणा

सायकलवरून डोंगर चढणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शर्यत उभी राहते. दरवर्षी जुलैत फ्रान्समध्ये भरणाऱ्या त्या प्रसिद्ध शर्यतीची चित्रे आपण पाहिलेली असतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसांची भिंत, मधून घामाने निथळणारे स्वार आणि मागे मोटारींचा ताफा. ही चित्रे पाहून आपण धरून चालतो की, घाटातली सायकल म्हणजे पंचविशीतल्या पोलादी मांड्यांचे काम. इतरांनी ते दुरून पाहावे. प्रत्यक्षात भूमध्य समुद्राच्या उत्तरेस, फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात, साठी उलटलेले स्त्री-पुरुष निवांतपणे घाट चढताना दिसतात. त्यांना हे साधते कसे, आणि ज्या सुनसान रस्त्यांवर ते साधते ते रस्ते सुनसान का झाले, ह्या दोन प्रश्नांचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

त्यासाठी एकच डोंगर घेऊ. त्याचे नाव मों व्हांतू. ऱ्होन नदीच्या मैदानाच्या पूर्वेस तो एकटा उभा आहे. उंची सुमारे १९१० मीटर. त्याचा माथा लांबून बर्फाने झाकल्यासारखा पांढरा दिसतो. भर उन्हाळ्यातही तो तसाच असतो, कारण ते बर्फ नसून उघडा पडलेला चुनखडीचा दगड आहे. तूलोंच्या गोदीत जहाजे बांधण्यासाठी ह्या डोंगरावरील झाडे शतकानुशतके तोडली गेली. १८६० च्या दशकापासून पुन्हा लागवड झाली आणि आज खालच्या अंगास दाट रान आहे. डोंगराचे नाव वाऱ्यावरून पडले असे सामान्यतः सांगतात. काही पंडित ते एका प्राचीन देवतेच्या नावाशी जोडतात. माथ्यावर मिस्त्राल हा उत्तरेचा कोरडा, गार वारा अंगावर घेतलेल्या माणसाला मात्र पहिलीच व्युत्पत्ती पटते.

माथ्यावर जाण्यास तीन रस्ते आहेत. पूर्वेकडील सो गावाहून येणारा सर्वांत सौम्य, मालोसेनहून येणारा कठीण, आणि दक्षिणेकडील बेद्वांहून येणारा प्रसिद्ध. हा तिसरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिखरावरील वेधशाळेसाठी बांधला. लांबी २१ किलोमीटर. पैकी रानातले नऊ-दहा किलोमीटर सरासरी शेकडा नऊच्या चढाचे, म्हणजे शंभर मीटर पुढे गेले की नऊ मीटर वर.

आता थोडे गणित करू. स्वार आणि सायकल मिळून ऐंशी किलो वजन धरा. बेद्वांहून शिखरापर्यंत उंची सुमारे १६०० मीटर वाढते. एवढे वजन एवढे वर नेण्याचे काम ३०० किलोकॅलरी भरते. पण शरीराचे यंत्र अन्नातील शक्तीचा सुमारे चौथा भागच अशा कामी लावू शकते, म्हणून खर्च १२०० किलोकॅलरींचा येतो. दहा-बारा साध्या पोळ्यांत तेवढी शक्ती असते! तेव्हा खरी अडचण शक्तीच्या साठ्याची नाही. ती पायांवर एका वेळी पडणाऱ्या भाराची आहे.

आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलीला पुढे ४८ आणि मागे १८ दाते आहेत असे समजा. पेडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. शेकडा नऊच्या चढावर ताशी आठ किलोमीटर वेगाने जायचे तर मिनिटाला अवघे चोवीस फेरे पडतात आणि प्रत्येक फेऱ्यात पेडलवर सरासरी ३७ किलोंचा दाब द्यावा लागतो. हा दाब फेऱ्यात सारखा राहत नाही, त्यामुळे ऐन क्षणी स्वाराला आपले सगळे वजन पेडलवर टाकूनही पुरत नाही, आणि तो उतरून सायकल ढकलू लागतो. पुढे-मागे दोन्हीकडे ३४ दाते असले, तर त्याच वेगाला मिनिटाला त्रेसष्ट फेरे पडतात आणि दाब १४ किलोंवर येतो. काम तेवढेच आणि वेळही तेवढाच. ओझे मात्र लहान लहान हप्त्यांनी उचलले गेले. गिअर शक्ती देत नाही. तो शक्तीचा हप्ता बांधून देतो.

एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला फ्रान्समध्येही बराच काळ जावा लागला. व्हांतूजवळच्या मैदानातील पेर्न गावी १८५३ साली जन्मलेले पॉल द व्हिव्ही हे सेंतेत्येन येथे रेशमाचा व्यापार करीत. ‘व्हेलोसियो’ ह्या टोपणनावाने ते लिहीत. १८८७ साली त्यांनी सायकलीला वाहिलेले नियतकालिक काढले आणि बदलत्या गिअरचा आयुष्यभर पुरस्कार केला. हे गृहस्थ शाकाहारी होते, आणि भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे व केवळ ऐटीसाठी कधी पेडल मारू नये असा त्यांचा उपदेश असे. ईस्टरच्या सुमारास मित्रमंडळींसह प्रोव्हान्समध्ये सायकलने उतरण्याचा त्यांचा परिपाठ होता. त्यातून निघालेला सायकलस्वारांचा मेळावा त्यांच्या मागेही चालू राहिला. उलट बाजूला होते आंरी देग्रांज. १९०३ साली मोठी शर्यत सुरू करणारे हे संपादक गिअरला वयस्करांची सोय समजत. त्यांच्या शर्यतीतील स्वार घाटाच्या पायथ्याशी उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवीत आणि दुसऱ्या बाजूच्या दातेरी चक्रावर साखळी चढवून पुढे निघत. देग्रांजांनी १९३६ मध्ये सूत्रे सोडली आणि १९३७ पासून शर्यतीत गिअर बदलण्याच्या यंत्राला मुभा मिळाली. व्हेलोसियो १९३० मध्येच ट्रामच्या धक्क्याने वारले होते.

शर्यतीची वृत्ती ह्या डोंगरावर किती महाग पडते ह्याचा एक दगड शिखराच्या अलीकडे उभा आहे. १३ जुलै १९६७ रोजी टॉम सिम्प्सन हा इंग्रज स्वार तेथे कोसळून मरण पावला. उष्मा भयंकर होता, आणि त्याच्या शरीरात उत्तेजक औषध सापडले. उघड्या दगडाचा ताप, सावलीचा अभाव आणि थकव्याची जाणीव मारून टाकणारे औषध ह्यांचा तो मेळ होता.

म्हणून आमचे म्हणणे असे की, शिखर ज्याला हवे त्याने गाठावे. पण पहिल्या खेपेस व्हांतूची प्रदक्षिणा करावी. मालोसेनहून निघून डोंगर उजव्या हाताला ठेवला की सुमारे शंभर किलोमीटरांचा फेरा होतो. शिखरावर उन्हाळ्यात गर्दी असते. ह्या फेऱ्यात, विशेषतः उत्तरेकडे, तासाला बोटांवर मोजण्याइतक्या मोटारी दिसतात. तूलूरां नदीच्या खोऱ्यातून रस्ता हळूहळू वर जातो. डाव्या उतारावर ब्रांत हे दगडी खेडे घरट्यासारखे चिकटलेले आहे आणि समोर व्हांतूची काळसर, सरळ तुटलेली उत्तर बाजू. पुढे गंधकाच्या झऱ्यांचे मोंब्रं, मग एक मध्यम चढ, आणि ओरेलवरून सोचे पठार, जेथे जुलैत लॅव्हेंडरची शेते निळीजांभळी होतात.

ही शांतता आली कोठून? निसर्गाने ती दिलेली नाही. हे रस्ते बैलाघोड्यांच्या गाड्यांसाठी, बाजाराला धान्य, लोकर आणि लाकूड नेण्यासाठी केले. म्हणूनच त्यांचे चढ बहुधा माफक आहेत. जनावराला जे झेपे ते सायकलस्वारालाही झेपते. मग माणसेच निघून गेली. लगतच्या, त्या काळी बास-आल्प म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुमारे दीड लाख वस्ती होती. १९५४ पर्यंत ती पंचाऐंशी हजारांवर आली. डोंगरातील तुटपुंजी शेती, शहरातील मजुरी, आणि पहिल्या महायुद्धात परत न आलेले तरुण ही त्याची कारणे. कित्येक खेड्यांच्या युद्धस्मारकावर आज गावात असतील त्यांहून अधिक नावे आहेत की काय, असे वाटते. पुढे १९७० मध्ये पॅरिस ते मार्सेय हा मोटाररस्ता पुरा झाला आणि उरलेली वाहतूक ऱ्होनच्या खोऱ्यात गेली. सायकलस्वार ज्या निवांतपणाची तारीफ करतो, त्याची किंमत ह्या खेड्यांनी भरली आहे. आज अशा एखाद्या गावात पाव भाजणारा आणि एखादे कॉफीगृह तग धरून आहे ते काही अंशी ह्याच स्वारांवर. उलट सगळा शिधा मोटारीतून मागे आणणारे जथेही येतात आणि कारंज्याचे पाणी भरून निघून जातात. आम्हांला ते आवडत नाही.

व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी सांगतो. एप्रिल-मे आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. दुकाने दुपारी बंद असतात, म्हणून सकाळीच खाण्याचे घ्यावे. कारंज्यावर पाणी पिण्यास अयोग्य असल्याची पाटी आहे का ते पाहावे. फ्रेंच कायद्याने गावाबाहेर मोटारीने सायकलीपासून दीड मीटर अंतर ठेवून पुढे जायचे असते. उताराला ब्रेक वळणाच्या आधी लावावा, वळणात नव्हे.

सोनंतर नेस्क नदीची घळ येते. रस्ता कड्याच्या अंगातून, लहान बोगद्यांमधून, नदीच्या कितीतरी वरून जातो. एका कठड्यावरून समोर रोशे द्यु सीर म्हणजे मेणाचा खडक दिसतो. रानमाश्यांच्या पोळ्यांवरून त्याला ते नाव मिळाले. तेथून खाली उतार शेकडा दोन-तीनचा, त्यामुळे पेडल न मारता, ब्रेकलाही फारसा हात न लावता वीसेक किलोमीटर उतरता येते, आणि मोटारीचा आवाज नसल्याने फ्रीव्हीलची टिकटिक तेवढी ऐकू येते. व्हील-स्यूर-ओझों गावात प्लेनच्या झाडांखाली सावली मिळते. उरतात बेद्वांपर्यंतचे द्राक्षमळे आणि मालोसेनच्या अलीकडची मादलेनची खिंड, अवघी ४४८ मीटरांची.