काटा खाली आला म्हणजे इंजिन थंड झालं असं नाही! जुन्या ट्रॅव्हलरचा कॅम्पर करताना मीटर बोर्ड असा बनवा

सातारा : जुनी टेम्पो ट्रॅव्हलर किंवा ट्रॅक्स घ्यायची, मागची सीटं काढायची, झोपायला फळी टाकायची, एक शेगडी, पाण्याची टाकी आणि जादा बॅटरी बसवायची, की झाला घरचा कॅम्पर. राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. पण अशा गाडीत पडदे, लाइट आणि म्युझिकवर खर्च होतो, ड्रायव्हरसमोरचा मीटर बोर्ड मात्र तसाच राहतो. डिझेलचा काटा अडकलेला, टेम्परेचरचा मेलेला, ऑइलचा बल्ब कधीच उडालेला.

सपाट रस्त्यावर अशी गाडी चालून जाते. पण वाईहून पसरणी घाट चढायचा किंवा मेढ्याहून केळघरमार्गे महाबळेश्वर गाठायचं, आणि गाडीत घरची माणसं, भरलेली पाण्याची टाकी, सगळं सामान. त्या चढाला मेलेला काटा महागात पडतो. इंजिन तापल्याचं वेळेत कळलं तर दहा मिनिटं थांबावं लागतं. नाही कळलं तर हेड गॅस्केट जातं, हेड वाकतं, कधी इंजिनच जाम होतं. म्हणून नवा मीटर बोर्ड बनवायचा तो दिसायला भारी म्हणून नाही, इंजिन वाचावं म्हणून.

मोबाइलवर रीडिंग का येत नाही?

नव्या गाड्यांत स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं. त्यात छोटा ब्लूटूथ स्कॅनर लावला की इंजिनची माहिती मोबाइलवर दिसते. पण बजाज टेम्पोनं (२००५ पासून फोर्स मोटर्स) डायमलर-बेंझच्या परवान्यानं बनवलेलं ओएम ६१६ सारखं जुनं डिझेल इंजिन पूर्ण यांत्रिक पंपावर चालतं. त्यात कॉम्प्युटरच नाही, त्यामुळे स्कॅनर लावायला जागाच नाही. इथं प्रत्येक माहितीसाठी वेगळा सेन्सर, वेगळी वायर आणि वेगळं मीटर लागतं. काम जास्त वाटतं, पण सोयही आहे. एक मीटर बिघडलं तरी बाकीची चालू राहतात, आणि दुरुस्ती गावातल्या वायरिंगवाल्याकडेही होते.

कोणती मीटरं हवीत?

टेम्परेचर : सर्वांत महत्त्वाचं. बहुतेक इंजिनं ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान चालतात. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. होज फुटून पाणी निघून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. ड्रायव्हरला वाटतं इंजिन थंड झालं, आणि आत हेड भाजत असतं. यावर उपाय दोन. एक, पाण्याची पातळी कमी झाली की वाजणारा वेगळा सेन्सर. दोन, हेडच्या लोखंडाचं तापमान मोजणारा बोल्टखाली बसणारा सेन्सर. दोन्हीपैकी एक तरी बसवाच.

ऑइल प्रेशर : इंजिन थंड असताना प्रेशर जास्त दिसतं, गरम होऊन आयडलला आलं की कमी होतं. त्यामुळे गरम इंजिनचं रीडिंग महत्त्वाचं. ते किती असावं हे आपल्या इंजिनच्या मॅन्युअलवरून बघा. ऑइलची नळी थेट केबिनमध्ये आणणारं मीटर टाळा, नळी फुटली तर गरम ऑइल पायावर येतं. वायरवर चालणारं घ्या. आणि जुना ऑइलचा बल्ब काढू नका. टी-जॉइंट लावून बल्बचा स्विच आणि मीटरचा सेन्सर दोन्ही ठेवा.

व्होल्ट मीटर, दोन : एक गाडीच्या बॅटरीला, एक मागच्या घरगुती बॅटरीला. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज लेड-ॲसिड बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ ला ती निम्मी झालेली असते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं तर अल्टरनेटर ठीक. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडला समजा. मागची बॅटरी लिथियम असेल तर नुसत्या व्होल्टवरून किती चार्ज उरला ते कळत नाही. तिला आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा शंट मीटर लागतो.

डिझेल : टाकीतल्या फ्लोटला जोडलेलं. ते जुनंच चालत असेल तर हात लावू नका.

आरपीएम : हवंच असं नाही. बसवायचं असेल तर डिझेल गाडीत इग्निशन कॉइल नसते, म्हणून सिग्नल अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टर्मिनलवरून घ्यावा लागतो. पेट्रोल गाडीचं मीटर आणून जोडलं तर चालणार नाही.

मीटर आणि सेन्सर जोडीनंच घ्या

सगळ्यात जास्त फसगत इथं होते. टेम्परेचरचा सेन्सर म्हणजे गरम झाल्यावर रोध कमी होणारा तुकडा. कोणत्या तापमानाला किती ओहम, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. एका कंपनीचं मीटर आणि दुसऱ्याचा सेन्सर जोडला तर काटा हलतो, पण खोटं सांगतो. डिझेलच्या फ्लोटचंही तसंच. काही गाड्यांत टाकी भरली की रोध वाढतो, काहींत कमी होतो. जोडी चुकली तर रिकामी टाकी ‘फुल्ल’ दिसते.

बसवण्याआधी घरीच तपासा. सेन्सर, मीटर आणि बॅटरी टेबलावर जोडा. सेन्सर पातेल्यातल्या पाण्यात लोंबता ठेवा, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी उकळा. खाली गावात पाणी शंभर अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटर उंचीवर, ते साधारण ९५-९६ अंशांनाच उकळतं, तेवढा फरक धरा. थर्मामीटर आणि काटा जुळले तरच मीटर गाडीत जाऊ द्या.

सेन्सर बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप भरमसाठ गुंडाळू नका. एका वायरच्या सेन्सरची अर्थिंग त्याच आट्यांतून इंजिनला मिळते. टेपनं ती तुटली की मीटर वेडंवाकडं दाखवतं.

बोर्ड कसा बनवायचा?

आधी पुठ्ठ्याचा नमुना कापा, जागेवर लावा आणि सीटवर बसून बघा. स्टिअरिंगच्या चाकाआड कोणतं मीटर झाकलं जातं ते लगेच कळेल. टेम्परेचर आणि ऑइल नजरेच्या सरळ रेषेत, बॅटरी आणि टाकीची मीटरं बाजूला. बाजारातली बहुतेक छोटी गोल मीटरं ५२ मिलिमीटरच्या भोकात बसतात, त्या मापाचा होल-सॉ वापरा.

पत्रा दोन मिलिमीटरचा ॲल्युमिनियम चांगला. कापायला सोपा आणि पेट घेत नाही. दुकानांच्या बोर्डाची एसीपी शीट स्वस्त पडते, पण तिच्या साध्या प्रकारात आत प्लॅस्टिक असतं, वायरिंगजवळ ते नको. रंग काळा मॅट द्या. चकचकीत बोर्डाचं प्रतिबिंब रात्री काचेवर पडतं.

वायरिंग : आग इथंच लागते

नव्या बोर्डाला बॅटरीकडून एकच मुख्य वायर आणा आणि तिचा फ्यूज बॅटरीजवळच बसवा, बोर्डाजवळ नाही. फ्यूजच्या आधीची वायर पत्र्यावर घासली तर तिला वाचवणारं कुणी नसतं. इंजिनकडून केबिनमध्ये वायर जाते त्या भोकाला रबरी ग्रोमेट हवाच. सगळ्या मीटरांची अर्थिंग एका बोल्टवर, रंग खरवडून घ्या. प्रत्येक वायरला चिठ्ठी लावा आणि जुना बोर्ड काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आणखी दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, बॅटरीचा लाल बल्ब. अनेक गाड्यांत अल्टरनेटरला चालू होण्यासाठी लागणारा थोडा करंट याच बल्बमधून जातो. नव्या बोर्डात तो बल्ब गाळला किंवा त्याजागी नुसता एलईडी लावला तर चार्जिंगच सुरू होत नाही. दुसरी, जुन्या जीपांतला ॲम्पिअर मीटर. गाडीचा जवळपास सगळा करंट त्यातून जातो. तो काढून व्होल्ट मीटर लावताना त्याच्या दोन जाड वायरी बोल्टनं घट्ट एकत्र करून वरून नीट इन्सुलेशन करा. व्होल्ट मीटर त्या दोन वायरींच्या मधे जोडायचा नसतो.

स्क्रीन लावायची का?

आयटीआय, पॉलिटेक्निकची पोरं अर्डुइनो किंवा ईएसपी-३२ बोर्डवर छान डिस्प्ले बनवतात. पाण्याची टाकी, आतलं तापमान, मागची बॅटरी दाखवायला तो उत्तम. पण दोन पथ्यं पाळा. ईएसपी-३२ च्या पिनला ३.३ व्होल्टपेक्षा जास्त चालत नाही आणि गाडीच्या लाइनमध्ये अचानक मोठे झटके येतात, म्हणून चांगला कन्व्हर्टर आणि संरक्षण हवं. दुसरं, टेम्परेचर आणि ऑइल फक्त स्क्रीनवर ठेवू नका. स्क्रीन हँग झाली तरी काटा, बल्ब आणि बझर स्वतंत्र चालले पाहिजेत. आत गॅस शेगडी असेल तर गॅस गळतीचा अलार्म फरशीजवळ लावा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो.

आरटीओचं काय?

स्पीडोमीटर कायद्यानं बंधनकारक आहे, तो काढून मोबाइलच्या जीपीएसवर भागवता येत नाही. केबल तुटली असेल तर केबल बदला. मीटर बदलावंच लागलं तर जुन्याचं किलोमीटर रीडिंग लिहून, फोटो काढून ठेवा. गाडी विकताना हेच कामी येतं. इंडिकेटर, हाय बीम आणि ब्रेकचे बल्ब नव्या बोर्डावर आलेच पाहिजेत.

मीटरांची नोंद आरसीवर नसते, पण सीटांची असते. सीटं काढून कॅम्पर करणं हा मोठा बदल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार त्यासाठी आधी आरटीओशी बोला. परवानगी नसलेल्या बदलाला कलम १८२-अ खाली दर बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीलाही कळवा.

काटा वर गेला तर?

बोर्ड तयार झाल्यावर पहिल्याच दिवशी घाट चढू नका. आठवडाभर जवळपास फिरवा आणि प्रत्येक मीटर रोज कुठे उभं असतं ते वहीत लिहा. आपल्या गाडीचं ‘नेहमीचं’ कळलं तरच ‘वेगळं’ कळतं.

ऑइलचा बल्ब चालत्या गाडीत पेटला तर बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. टेम्परेचर चढतंय पण पाणी जागेवर आहे, तर थांबा, एसी बंद करा, हीटर असेल तर पूर्ण चालू करा आणि इंजिन थोडा वेळ रिकामं चालू द्या, म्हणजे पंप आणि पंखा पाणी थंड करतात. पाण्याचा बझर वाजला किंवा खालून पाणी गळताना दिसलं तर मात्र इंजिन तिथंच बंद. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, वाफेनं तोंड-हात भाजतात. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जातो. अर्धा-पाऊण तास थांबा. घाटात थांबल्यानं उशीर होतो, पण हेड वाचतं आणि गाडी स्वतःच्या चाकांवर घरी येते.