दरोडेखोराला बँक कुठे कळते?

बँकेत पैसे असतात, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. ते केव्हा असतात, किती असतात आणि कोणाच्या किल्लीनं बाहेर येतात, हे मात्र आत बसणाऱ्यालाच माहीत. फसलेल्या दरोड्यांवरच्या विनोदी चित्रपटांचं सारं भांडवल या अज्ञानात असतं.

परवा नातवानं टीव्हीवर २०१७ सालचा ‘बँक चोर’ लावला. साधूच्या वेषातला चंपक चिपळूणकर, म्हणजे आपला रितेश देशमुख, हत्ती-घोड्याचे मुखवटे घातलेले दोन दिल्लीकर बावळट घेऊन मुंबईच्या बँकेत शिरतो. बाहेर पोलीस, आत ओलीस, आणि चोरांचं आपसांत मुंबई-दिल्लीवरून भांडण. पुढे कथेला कलाटणी आहे, ती फोडत नाही. मुंबई-दिल्लीचं भांडण जरा ताणलंय, एवढं मात्र खरं. नातू खो खो हसत होता आणि मी कॅशियर कुठे बसलाय ते शोधत होतो. तीस वर्षांची खोड!

खरं तर चोरांची कीव यावी अशीच बँकेची रचना असते. स्ट्राँग रूमच्या किल्ल्या दोघांकडे. एक हेड कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. एकाच्या कानशिलाला पिस्तूल लावून अर्धीच तिजोरी उघडते, म्हणजे उघडतच नाही. शिवाय शाखेत रोकड किती ठेवायची, याला मर्यादा. जास्तीची रक्कम वर रवाना. चोर आला तर आदल्या दिवशीच गाडी पैसे घेऊन गेलेली असायची!

आणि ओलीस? सोलापुरातल्या आमच्या शाखेत एकदा भर पेन्शनच्या दिवशी धोक्याची घंटा वाजली. काउंटरखालच्या बटणाला कुणाचा तरी गुडघा लागला होता. रक्षक बंदूक सावरत दारात आडवा उभा राहिला, शिपायानं शटरला हात घातला. रांग जागची हलली नाही. सगळ्यांत पुढचे आजोबा म्हणाले, “ते नंतर बघा की ओ सायेब, आधी एवढं पासबुक भरून द्या.” त्या दिवशी कुणी खरा दरोडेखोर असता, तर त्यालाही रांगेत मागे उभं केलं असतं.

आमची घंटा खोटी होती, म्हणून हसता येतं. २३ ऑगस्ट १९७३ रोजी स्टॉकहोमच्या क्रेडिटबँकेत घडलं ते खरं होतं. चार कर्मचारी सहा दिवस ओलीस राहिले. तीन मुली आणि एक तरुण. तिजोरीच्या खोलीत दिवस काढताना त्यांना चोरापेक्षा बाहेरच्या पोलिसांचीच भीती वाटू लागली. एकीनं थेट पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांना फोन करून चोराबरोबर बाहेर जाऊ द्या म्हणून सांगितलं. ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ हे नाव तिथून पडलं. त्या पोरींना पुढे जगानं वेडं ठरवलं, ते मला पटत नाही. काउंटरवरचं माणूस समोरच्याचा राग सांभाळतच दिवस ढकलत असतं. हातात बंदूक असली तरी समोर गिऱ्हाईकच!

त्याच्या आदल्याच वर्षी, २२ ऑगस्ट १९७२ला, ब्रुकलिनमध्ये जॉन वोयतोविच चेस मॅनहॅटनच्या शाखेत शिरला. हा स्वतः पूर्वी बँकेत कॅशियर होता, म्हणजे त्याला तरी कळायला हवं होतं. त्याला पैसे हवे होते जोडीदाराच्या लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेसाठी. चौदा तास वेढा चालला. रस्त्यावर जत्रा जमली, आत पिझ्झा मागवला गेला. शेवटी विमानतळावर त्याचा अठरा वर्षांचा साथीदार साल एफबीआयच्या गोळीनं मेला. वोयतोविचला वीस वर्षांची शिक्षा झाली.

१९७५ मध्ये सिडनी ल्युमेटनं त्यावर ‘डॉग डे आफ्टरनून’ काढला. अल पचिनोचा चोर तिजोरीशी पोहोचतो, तेव्हा पैसे आधीच उचलून नेलेले असतात. इथे मात्र मी नातवापेक्षा मोठ्यानं हसलो. साल बोलू लागला, तसं हसू थांबलं.

वोयतोविचला या कथेच्या हक्कांपोटी चित्रपटवाल्यांकडून साडेसात हजार डॉलर मिळाले होते. जोडीदाराची शस्त्रक्रिया त्या पैशांतून झाली.