फुगलेले कपॅसिटर आणि बंद पडलेला टीव्ही

सपाट पडद्याचा टीव्ही एकाएकी बंद पडण्याआधी पुष्कळदा काही दिवस कुरकुरतो. बटण दाबल्यावर स्टँडबायचा दिवा लुकलुकतो, आतून रिलेची टकटक ऐकू येते, पण चित्र उमटत नाही. किंवा लगेच सुरू होणारा संच पाच-दहा मिनिटे घेऊ लागतो. अशा वेळी पहिला संशय पॉवर सप्लाय बोर्डवरील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर घ्यावा. आवाज येतो आणि पडद्यावर टॉर्च मारल्यास अंधुक चित्र दिसते, तेव्हा मात्र दोष बहुधा बॅकलाइटमध्ये असतो.

घरातील २३० व्होल्टांच्या विजेपासून पॉवर सप्लाय बोर्ड ५, १२, २४ अशा कमी व्होल्टांचा एकदिश प्रवाह तयार करतो. त्यातील चढउतार सपाट करणे हे कपॅसिटरचे काम. त्याच्या डबीत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि इलेक्ट्रोलाइटमध्ये भिजलेला कागद यांची गुंडाळी असते. उष्णतेने हा द्रव हळूहळू आटतो, कपॅसिटरचा अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, वाढतो आणि रोध वाढल्याने तो आणखी तापतो. आत वायू साठला की डबीचा माथा फुगतो किंवा बुडाशी तपकिरी चिकट डाग दिसतो. माथ्यावरच्या खाचा मुद्दाम ठेवलेल्या असतात, जेणेकरून दाब वाढल्यावर डबी फुटण्याऐवजी तिथे उकलावी.

तापमान १० अंशांनी कमी झाले की कपॅसिटरचे आयुष्य साधारण दुप्पट होते. १०५ अंशांना २,००० तास टिकणारा कपॅसिटर ८५ अंशांना सुमारे ८,००० तास, तर ६५ अंशांना सुमारे ३२,००० तास चालू शकतो. रोज पाच तास टीव्ही पाहिला जात असेल, तर ८५ अंशांच्या स्थितीत साडेचार वर्षेही पुरी होत नाहीत. ६५ अंशांच्या स्थितीत सतरा वर्षे निघतात. म्हणून भिंतीला चिकटलेल्या किंवा बंद कपाटात बसवलेल्या संचाला मोकळी हवा देणे हीच खरी निगा होय.

दुरुस्तीतला सर्वांत धोक्याचा भाग म्हणजे मुख्य फिल्टर कपॅसिटर. बोर्डवरील ही सर्वांत मोठी डबी ४०० किंवा ४५० व्होल्टांची असते आणि चालू संचात तिच्यावर ३२५ ते ४०० व्होल्ट असतात. प्लग काढल्यावरही हा भार काही काळ टिकतो आणि त्याचा धक्का जीवघेणा ठरू शकतो. प्लग काढून काही मिनिटे थांबावे, मागचे कव्हर उघडावे आणि मल्टीमीटर डीसी व्होल्टच्या योग्य रेंजवर ठेवून या कपॅसिटरच्या दोन टोकांमधील व्होल्टेज मोजावे. ते शिल्लक असल्यास इन्सुलेटेड क्लिपांनी जोडलेल्या सुमारे २ किलोओहम, १० वॅटच्या रेझिस्टरमधून ते उतरवावे आणि पुन्हा मोजावे. स्क्रूड्रायव्हरने टोके जोडण्याची पद्धत टाळावी. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत २० हजार व्होल्टांहून अधिक दाब असतो. तो घरी उघडूच नये.

काढण्यापूर्वी बोर्डचा फोटो घ्यावा. नव्या कपॅसिटरचे मायक्रोफॅरड जुन्याइतकेच असावेत. व्होल्टेज तेवढेच किंवा थोडे जास्त चालते, कमी कधीच नाही. १,००० मायक्रोफॅरड, १० व्होल्टच्या जागी १६ व्होल्टचा बसतो, फक्त उंची, व्यास आणि पायांमधील अंतर जुळायला हवे. १०५ अंश आणि ‘लो ईएसआर’ असा चांगल्या कंपनीचाच माल घ्यावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असे सुटे भाग मिळतात. फुगलेल्याच्या शेजारचे, त्याच ओळीतले कपॅसिटरही बदलणे शहाणपणाचे, कारण बाहेरून धड दिसणाराही आतून सुकलेला असू शकतो. त्याची खात्री ईएसआर मीटरनेच होते.

जुन्या सोल्डरवर थोडे नवे सोल्डर लावल्यास ते लवकर वितळते. मग सोल्डर पंपाने किंवा सोल्डर शोषून घेणाऱ्या ‘विक’ने भोक मोकळे करावे. पाय जोराने ओढल्यास बोर्डवरील तांब्याची पट्टी उखडते. कपॅसिटरच्या अंगावरचा पट्टा ऋण टोक दाखवतो आणि त्याचा लांब पाय धन असतो. उलट बसवलेला कपॅसिटर तापून फुटतो, म्हणून सोल्डर करण्यापूर्वी फोटोशी ताडून पाहावे. टाका गुळगुळीत हवा, शेजारच्या टाक्याला चिकटलेला नको. उरलेले पाय कापून टाकावेत.

सर्व कनेक्टर आणि मागचे कव्हर बसवल्यावरच प्लग लावावा. टीव्ही विनाविलंब सुरू झाला आणि तासभर नीट चालला, तर दोष सापडला असे समजावे. फ्यूज उडालेला असल्यास किंवा नवा फ्यूज लगेच उडत असल्यास दोष कपॅसिटरपलीकडे, स्विचिंग ट्रान्झिस्टर किंवा डायोडमध्ये असू शकतो. जास्त ॲम्पियरचा फ्यूज घालणे म्हणजे आगीला आमंत्रण. अशा वेळी संच जाणकार मेकॅनिककडे न्यावा.