रोजचेच कपडे, पण जरा नीट बघा!

फॅशन म्हटलं की डोळ्यांसमोर रॅम्पवरच्या मॉडेल्स येतात. आपल्या होस्टेलमध्ये कसली आलीय फॅशन? इथे दोन जीन्सवर अख्खं सेमिस्टर निघतं! पण मित्रांनो, गेलं वर्षभर मी कॅम्पसवर रोजच्या कपड्यांतले फोटो काढतोय, आणि मला तरी विषय कमी पडलेला नाही. कुणी थोरल्या भावाचा ढगळ शर्ट बाह्या दुमडून घालतो, कुणी वर्कशॉपच्या ॲप्रनच्या खिशाला स्टीलची पट्टी खोचते. प्रत्येकाची आपली एक तऱ्हा असते. ती टिपायची कशी, ते सांगतो.

या कामातला बापमाणूस म्हणजे न्यूयॉर्कचा बिल कनिंगहॅम (१९२९–२०१६). निळं कामगारी जॅकेट घालून, सायकलवर फिरत तो रस्त्यावरच्या लोकांचे फोटो काढायचा. १९७८ साली एका बाईच्या कोटाचा खांद्यावरचा कट आवडला म्हणून त्याने फोटो घेतला. ती बाई म्हणजे नटी ग्रेटा गार्बो, हे त्याला नंतर कळलं! त्याची नजर चेहऱ्याच्या आधी कपड्यावर गेली होती. आपणही तशीच सवय लावायची.

आता तांत्रिक भाग. भर दुपारी उन्हात फोटो काढू नका, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. व्हरांड्याच्या कडेला, सावलीत पण आकाशाकडे तोंड करून उभं करा; प्रकाश मऊ मिळतो. मोबाईल फार जवळ नेला तर नाक मोठं दिसतं, म्हणून चार पावलं मागे जा आणि झूम दुप्पट करा. पूर्ण उंचीच्या फोटोत कॅमेरा कमरेच्या पातळीवर धरा. उभ्याने डोळ्यांजवळ धरला, तर समोरच्याचे पाय आखूड दिसतात.

कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. त्यामुळे फ्रेमभर पांढरा कुर्ता असेल तर तो मळकट येतो. तिथे एक्स्पोजर थोडं वाढवा; काळ्या कपड्यांना थोडं कमी करा. ट्यूबलाईटखाली फोटोत आडवे पट्टे येतात, त्याचं कारण इलेक्ट्रिकलवाल्यांना सांगायला नको. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे बहुतेक जातात.

पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परवानगी. न्यूयॉर्कच्या गर्दीत कोण कुणाला ओळखतं? होस्टेलमध्ये मात्र दुसऱ्या दिवशी मेसच्या रांगेत तोच चेहरा समोर असतो. म्हणून मी आधी विचारतो, काढलेला फोटो दाखवतो, आणि 'नको' म्हटलं तर समोरच उडवतो. मेसच्या मावशी किंवा वॉचमनकाका यांच्या बाबतीत तर जास्तच जपावं लागतं. पोरांना नाही कसं म्हणायचं, म्हणून ते हो म्हणतात. त्यांचा हो संकोचाचा वाटला, तर कॅमेरा खिशात घालायचा आणि नुसत्या गप्पा मारायच्या.

जपानच्या शोइची आओकीने १९९७ साली सुरू केलेल्या 'फ्रूट्स' मासिकात फोटोशेजारी त्या मुला-मुलींनी काय घातलंय, तेही छापलं जायचं. मीही फोटो काढल्यावर विचारतो, "हा शर्ट कुठला?" उत्तर ब्रँडचं क्वचितच येतं. "बाबांचा आहे," "आईने शिवलाय," असंच काहीतरी येतं. ते वहीत लिहून ठेवा. फोटोइतकंच तेही मोलाचं आहे.

तर मग, कपडे वाळत घातलेल्या दोरीपासून सुरुवात करायला काय हरकत आहे?