हरत्या बॉक्सरशी एक मिनिट: कोपऱ्यातून नेमकं काय बोलायचं?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून टाकतोय. बोललो तेच आहे, फक्त थोडं झाडून-पुसून. विषय बॉक्सिंगचा आहे, पण बॉक्सिंग कळत नसेल तरी काही अडत नाही. प्रश्न एवढाच आहे: आपला माणूस हरतोय, दमलाय, मार खातोय, आणि त्याच्याशी बोलायला तुमच्या हातात एक मिनिट आहे. काय बोलाल?

आपल्या मुक्ताईनगरकडे बॉक्सिंगची रिंग काही दिसत नाही, पण यात्रेतली कुस्त्यांची दंगल बहुतेकांनी पाहिलेली असते. वस्ताद कडेला उभा राहून "पट काढ, पट काढ" ओरडत असतो, मागून शंभर जण आणखी शंभर डाव सुचवत असतात. खाली अडकलेल्या पैलवानाच्या कानात त्यातलं किती जातं, देव जाणे. बॉक्सिंगमध्ये मात्र बोलायला वेगळा वेळ राखून ठेवलेला असतो. म्हणून बोलण्याचा परिणाम बघायचा तर हा खेळ फार सोयीचा.

साठ सेकंदांचा हिशोब

एक फेरी तीन मिनिटांची, मग एक मिनिट विश्रांती. आजच्या ऑलिंपिकमध्ये तीन फेऱ्या असतात, म्हणजे प्रशिक्षकाला मध्ये बोलायची संधी फक्त दोनदा. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जागतिक किताबाची लढत बारा फेऱ्यांची असते, तिथे अकरा वेळा.

आता ते मिनिट फोडून बघू. बॉक्सर कोपऱ्यात येऊन स्टुलावर बसणार, तोंडातलं दातांचं कवच काढायचं, पाणी द्यायचं, मानेवर बर्फ ठेवायचा, भुवई फाटली असेल तर रक्त थांबवून व्हॅसलीन लावायचं. शेवटच्या दहा सेकंदांची सूचना झाली की बाकीच्यांनी रिंगच्या बाहेर निघायचं. खरं बोलणं होतं ते जेमतेम अर्धा मिनिट.

आणि ऐकणारा कसा? छातीचा भाता झालेला, कानात प्रेक्षकांचा गोंगाट, डोक्यावर नुकतेच ठोसे बसलेले. शांत बसलेल्या माणसालासुद्धा एका वेळी डोक्यात मोजक्याच गोष्टी धरता येतात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये साधारण सातचा आकडा मांडला होता, नंतरच्या अभ्यासकांनी तो चारच्या आसपास आणला. मग धापा टाकणाऱ्या माणसाला पाच सूचना दिल्या तर काय उरणार? त्यामुळे चांगला प्रशिक्षक आधी श्वास घ्यायला लावतो, मग एकच गोष्ट सांगतो, फार तर दोन.

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. रात्री सर्व्हर बंद पडला की कॉलवर दहा जण गोळा होतात आणि दहाही जण बोलतात. कामाचा ठरतो तो एकटा, जो शांतपणे म्हणतो, "आधी शेवटचा बदल मागे घे." कारणं सकाळी शोधता येतात.

'नको' का चालत नाही

"हात खाली सोडू नको" आणि "हात गालाला लाव" या दोन वाक्यांचा अर्थ एकच. पण पहिलं वाक्य ऐकल्यावर डोक्यात चित्र येतं ते हात खाली सोडल्याचंच. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. झालं, अस्वल काही डोक्यातून जाईना. दमलेल्या माणसाला 'नको' सांगितलं की ते उलटं फिरवून 'मग काय करू?' शोधायचं काम त्याच्यावरच पडतं. तेवढी ताकद त्याच्याकडे शिल्लक नसते.

दुसरी गोष्ट लक्ष कुठे ठेवायचं याची. गाब्रिएले वुल्फ यांनी यावर बरीच वर्षं काम केलंय. खेळाडूचं लक्ष स्वतःच्या अवयवांपेक्षा बाहेरच्या लक्ष्यावर असलं तर हालचाल सहसा चांगली होते. म्हणजे "कोपर असं फिरव, खांदा तसा ठेव" यापेक्षा "त्याच्या छातीवर मार" हे जास्त उपयोगी. कोपर-खांदा हे तालमीत शिकवायचं, लढतीत नाही.

खरं सांगायचं की धीर द्यायचा?

१६ सप्टेंबर १९८१, लास वेगास. शुगर रे लेनर्ड विरुद्ध थॉमस हर्न्स. लढत पंधरा फेऱ्यांची. बाराव्या फेरीनंतर लेनर्डचा डावा डोळा सुजलेला होता आणि लढत हातातून चालली होती. त्याचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी गोड बोलणं टाळून सरळ सांगितलं, की पोरा, तू हे घालवतोयस. लेनर्डने तेराव्या फेरीत हर्न्सला खिळखिळं केलं आणि चौदाव्यात पंचांनी लढत थांबवली. तोवर तिन्ही गुणपंचांच्या कागदावर हर्न्सच पुढे होता.

दुसरं उदाहरण २२ एप्रिल १९९४ चं. मायकेल मूरर इव्हँडर होलीफील्डशी लढत होता, पण जीव ओतत नव्हता. प्रशिक्षक टेडी अॅटलस काय करतात? मूरर कोपऱ्यात परत येतो तर त्याच्या स्टुलावर हे स्वतः बसलेले! तुझ्या जागी मी लढू का, असा सवाल. मूरर ती लढत गुणांवर जिंकला आणि हेवीवेट विजेता झाला.

हे ऐकून कुणी उद्यापासून पोरांवर ओरडायला लागेल, म्हणून जरा थांबा. एक तर, गाजतात ते जिंकलेल्यांच्या कोपऱ्यातले संवाद. हरलेल्यांच्या कोपऱ्यातही कुणीतरी तळमळून बोललेलंच असतं, ते कुणी लक्षात ठेवत नाही. त्यामुळे 'बोलला म्हणून जिंकला' असा सरळ हिशोब मांडता येत नाही. दुसरं, लेनर्डकडे अजून पाय होते, हात होते. घाई करायची गरज आहे, एवढीच माहिती त्याला कमी होती, ती डंडींनी दिली. ज्याच्याकडे काहीच उरलेलं नाही त्याला तेच वाक्य सांगणं म्हणजे आणखी एक ठोसा मारणं.

कोण बोलतंय, हेही महत्त्वाचं

जुलै २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी टोकियो ऑलिंपिकची कांस्यपदक विजेती लव्हलिना बोरगोहेनने जाहीरपणे तक्रार केली, की माझ्या प्रशिक्षक संध्या गुरुंग यांना माझ्यासोबत राहता येत नाहीये. नंतर त्यांना परवानगी मिळाली. लव्हलिना उपांत्यपूर्व फेरीत हरली, ती कशामुळे ते आपण बाहेरून ठरवू नये. पण कोपऱ्यात कोण असावं यासाठी एवढी मोठी खेळाडू भांडते, यातच सगळं आलं. ओळखीच्या आवाजावर विचार करावा लागत नाही.

आपल्या गावाला हे वेगळं सांगायला नको. मुक्ताईच्या ताटीच्या अभंगांमागची कथा काय आहे? लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर दार लावून आत बसलेत आणि धाकटी बहीण बाहेर उभी. ती त्यांना आठवण करून देते ती त्यांच्या स्वतःच्याच मोठेपणाची. आणि मागणी एकच, पुन्हा पुन्हा तीच: दार उघडा. नवीन उपदेश कमी, ओळखीचा आवाज जास्त. मला तरी तो उत्तम कोपरा वाटतो.

रिकामा कोपरा

आता महाराष्ट्राची सगळ्यात मोठी गोष्ट. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले, तेव्हा त्यांना रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाचं मार्गदर्शन होतं. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

त्या स्पर्धेबद्दल नेहमी सांगितलं जातं ते असं: जपानच्या शोहाची इशीशी त्यांची कुस्ती खूप लांबली. लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममादबेयोवशी लढायला उभं केलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमात होती, पण तो नियम दाखवून भांडायला एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा हरले.

इथे जोशपूर्ण भाषणाची गरजच नव्हती. "नियमाप्रमाणे तीस मिनिटं द्या" एवढं एक वाक्य हवं होतं, तेही खाशाबांना नाही, पंचांना उद्देशून. म्हणजे कोपऱ्यातल्या माणसाचं निम्मं काम खेळाडूशी बोलण्याचं, आणि निम्मं त्याच्या वतीने बोलण्याचं.

सगळ्यात अवघड शब्द: बस

१ ऑक्टोबर १९७५, मनिला. चौदा फेऱ्या झाल्यावर जो फ्रेझरला जवळपास दिसत नव्हतं. समोर मोहम्मद अली, उरलेली फक्त एक फेरी. फ्रेझर म्हणतोय, लढतो. प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला खाली बसवलं आणि लढत थांबवली. जगज्जेतेपदाची संधी गेली, फ्रेझर नंतर ३६ वर्षं जगला.

१९ जुलै २०१९ ला अमेरिकेत मॅक्सिम दादाशेव्ह हा २८ वर्षांचा रशियन बॉक्सर लढत होता. अकराव्या फेरीनंतर प्रशिक्षक बडी मॅकगर्ट त्याला अक्षरशः विनवत होते, की तुला फार ठोसे बसतायत, थांबवू या. तो मान हलवून नाही म्हणत राहिला. शेवटी मॅकगर्ट यांनीच लढत थांबवली. तरी मेंदूत रक्तस्राव झाला होता, चार दिवसांनी तो गेला.

लढणाऱ्याला विचारून उपयोग नसतो, तो 'लढतो' असंच म्हणणार. त्याला तसंच घडवलेलं असतं. म्हणून थांबवायचा अधिकार कोपऱ्याकडे दिलाय, आणि तो वापरायला जिगर लागते.

आपल्यातले फार थोडे रिंगमध्ये जाणार. पण स्पर्धा परीक्षेचा पहिला पेपर वाईट गेलेलं पोरगं दुपारी पुण्याहून घरी फोन करतं, तेव्हा आपण कोपऱ्यातच उभे असतो. दुसरा पेपर तासाभरात असतो. त्या वेळी "मी तुला आधीच सांगितलं होतं" हे वाक्य गिळून टाका. "पाणी पी, दोन घास खा, आणि पुढच्या पेपरात येतात ते प्रश्न आधी सोडव" एवढं पुरे. आणि चौथ्या-पाचव्या प्रयत्नानंतर पोरगं आतून मोडत चाललंय असं दिसलं, तर "ये भो घरी, आपण दुसरं बघू" हे म्हणायची तयारीही आपलीच असायला हवी. ते स्वतःहून म्हणणार नाही.

पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्या कोपऱ्यात कोण उभं असतं ते जरूर कळवा.